साहेब म्हणाले 'फाइदा': कोरियनच्या बोली ओळखायच्या कशा

दुभाषी म्हणून कामाला लागले त्याच आठवड्यातली गोष्ट. कारखान्यात प्लास्टिकच्या एका भागाचा नमुना तपासायला ठेवला होता. कोरियन साहेबांनी तो उचलला, उजेडाकडे धरला, बोटानं कड चाचपली आणि म्हणाले, "इगॉ फाइदा." आमचे शिफ्ट सुपरवायझर खूश. "बघा मॅडम, साहेब पण फायदा म्हणायला लागले!" मीही हसून मान डोलावली, कारण दुभाष्यानं गोंधळलेलं दिसायचं नसतं असा माझा तेव्हा समज होता. दहा मिनिटांत तो नमुना भंगाराच्या ट्रेमध्ये पडला. 'फाइदा' म्हणजे ग्यॉन्गसांग प्रांताच्या बोलीत 'बेकार, जमलेलं नाही'.

परदेशी लोकांसाठी असलेल्या टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी तेव्हा माझ्या खिशात होती. टोपिकमध्ये हा शब्द येत नाही. ज्यांना हांगुल लिपी वाचता येते, साधी वाक्यं जुळवता येतात आणि आता खऱ्या माणसांशी बोलायची वेळ आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कोरियन शब्द देवनागरीत लिहिताना ओढाताण होते, विशेषतः 'ऑ' आणि 'उ' या स्वरांची. म्हणून इथला प्रत्येक शब्द वहीत हांगुलमध्ये उतरवून घ्या आणि एकदा तरी कोरियन माणसाच्या तोंडून ऐका.

पायरी १: आधी माणूस ठरवा

दक्षिण कोरियात प्रमाणभाषेला 'फ्योजुनॉ' म्हणतात. १९८८ च्या नियमांत तिची व्याख्याच दिली आहे: सुशिक्षित लोक सर्वत्र वापरतात ती आधुनिक सेऊलची भाषा. बाकी सगळ्या बोली म्हणजे 'साथुरी'. शास्त्रीय लिखाणात 'पांगॉन' हा शब्द दिसेल, पण गप्पांमध्ये साथुरीच.

नैऋत्येला जॉल्ला, आग्नेयेला ग्यॉन्गसांग, मध्ये छुंगछॉन्ग, ईशान्येला कांगवॉन आणि खाली समुद्रात जेजू बेट. नकाशा एवढा डोळ्यांसमोर ठेवा. ग्यॉन्गसांग आणि बाकीचा देश यांच्यामध्ये सोबेक डोंगररांग आडवी येते. तिथली भाषा कानाला एवढी वेगळी का लागते, याचं निम्मं उत्तर त्या डोंगरात आहे.

आता आपल्याकडे या. तळेगावला ह्युंदाई, रांजणगावला एलजी, माणगावजवळच्या विळे भागाडला पोस्को. यांची कोरियातली मोठी कारखान्यांची गावं कोणती? ह्युंदाईचं उल्सान, एलजीच्या फ्रिज-वॉशिंग मशीनचं छांगवॉन, पोस्कोचं फोहांग. तिन्ही ग्यॉन्गसांगमध्ये. तिथून येणारा प्रत्येक जण तिथलाच असतो असं नाही. पण महाराष्ट्रात कोरियनवर पोट भरायचं असेल, तर पहिली साथुरी कुठली ऐकायची हा प्रश्न माझ्या मते इथंच सुटतो. विद्यापीठात शिकायला सेऊलला जाणाऱ्यांनी चौथी पायरी चाळली तरी चालेल. कारखान्यात जाणाऱ्यांनी ती दोनदा वाचा.

पायरी २: प्रमाणभाषा पक्की करा, पण तिला देव्हाऱ्यात बसवू नका

बोलायचं आणि लिहायचं ते फ्योजुनॉमध्येच. परीक्षा, ईमेल, अहवाल सगळं त्यातच चालतं आणि देशभर कुणालाही ते कळतं. साधारण तिसऱ्या पातळीपर्यंत दुसरं काही बोलायचा प्रयत्नही करू नका. ऐकायला मात्र आधीपासून सुरुवात करा. मी उलटं केलं, आणि ट्रेमधला तो नमुना मला अजून दिसतो.

खुद्द सेऊलचे लोकही पुस्तकासारखं बोलत नाहीत. 'मीसुद्धा' या अर्थाचं पुस्तकी 'नादो' त्यांच्या तोंडी 'नादू' होतं. 'तू' या अर्थाचं 'नेगा' ते 'निगा' म्हणतात, कारण 'मी' आणि 'तू' यांच्यातला 'ए'चा फरक आता कानाला जवळपास उरलेलाच नाही. प्रमाण म्हणजे तरी काय, ठरवलेली गोष्ट. काळ्या सॉसमधल्या नूडल्सना अख्खा देश 'ज्जाजांगम्यॉन' म्हणत होता, पण शब्दकोशाच्या लेखी २०११ च्या ऑगस्टपर्यंत फक्त मिळमिळीत 'जाजांगम्यॉन' शुद्ध होतं. शेवटी शब्दकोश हरला आणि दोन्ही रूपं मान्य झाली.

पायरी ३: वाक्याचं शेपूट धरा

कोरियनमध्ये क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखंच. प्रदेशाचा शिक्का बसतो तो या शेपटावर. सगळं वाक्य कळलं नाही तरी चालेल, शेवटची दोन अक्षरं ऐका.

सौम्य आदराचा सेऊलचा शेवट 'यो'. तो 'यू' झाला आणि लांबला तर माणूस छुंगछॉन्गचा: 'ठीक आहे'साठी 'क्वेन्छानायो'ऐवजी 'क्वेन्छानायूऽ'. 'ये' झाला तर ग्यॉन्गसांग. 'राऊ' किंवा 'रांगक्के' कानावर आलं, मागे एक लाडिक 'इंग' लटकला, तर जॉल्ला. 'सुदा', 'ऊदा' असे शेवट आले तर समोरचा जेजूचा. आठवडाभर रोज अर्धा तास कोरियातल्या वेगवेगळ्या बाजारांतल्या मुलाखतींचे व्हिडिओ लावा आणि फक्त शेपटं वहीत लिहा, अर्थाच्या नादी लागू नका. हा सराव कंटाळवाणा आहे, पण मला यानंच कान आला.

पायरी ४: ग्यॉन्गसांग, निवांतपणे

बुसान, देगू, उल्सान या शहरांची ही बोली. नवख्याला पहिल्यांदा वाटतं की हे लोक भांडतायत. ते साधारणपणे जेवायला कुठं जायचं हे ठरवत असतात.

सुरुवात प्रश्नांपासून करा, कारण इथं मराठी माणसाला आयता फायदा आहे (आपल्या अर्थानं). सेऊलमध्ये 'म्वॉ' हा शब्द 'काय' आणि 'काही' या दोन्हींसाठी चालतो आणि फरक सुरावरून ओळखायचा. ग्यॉन्गसांगमध्ये 'म्वॉ'चं 'मॉ' होतं आणि फरक शेपटात ठेवलेला असतो. 'मॉ मुन्ना?' म्हणजे 'काही खाल्लंस का?'. 'मॉ मुन्नो?' म्हणजे 'काय खाल्लंस?'. मराठीत प्रश्नाच्या शेवटी 'का' लागतो तिथं 'ना'. प्रश्नात काय, कुठं, कोण, कधी आधीच आलेलं असेल तिथं 'नो'. नामानं संपणाऱ्या प्रश्नातही तीच जोडी, फक्त 'गा' आणि 'गो' अशी: 'नी हाक्सेंगिगा?' म्हणजे 'तू विद्यार्थी आहेस का?', आणि 'इगी मॉगो?' म्हणजे 'हे काय आहे?'. हा काही गावठी बिघाड नाही. पंधराव्या शतकातल्या कोरियन ग्रंथांत हाच भेद आहे. सेऊलनं तो टाकला, ग्यॉन्गसांगनं ठेवला.

दुसरी जपून ठेवलेली जुनी गोष्ट म्हणजे सूर. 'माल' या शब्दाचे तीन अर्थ आहेत: घोडा, धान्याचं एक माप, आणि बोलणं. सेऊलमध्ये पूर्वी 'बोलणं'वाला 'माल' लांब उच्चारायचे, आता तोही फरक पुसट झाला. ग्यॉन्गसांगचा माणूस तिन्ही शब्द वेगवेगळ्या सुरांत म्हणतो. हांगुल लिपी १४४३ मध्ये तयार झाली आणि १४४६ मध्ये जाहीर झाली. तेव्हा अक्षराच्या डाव्या बाजूला सुरासाठी ठिपके देत: एक ठिपका उंच सुराला, दोन चढत्या सुराला, खालच्या सुराला काही नाही. ठिपके लिपीतून गेले, सूर ग्यॉन्गसांगच्या तोंडात राहिला. तिथले लोक अभिमानानं एक गंमत करून दाखवतात. गणितात दोन हा आकडा आणि इंग्रजी ई हे अक्षर, दोन्हींचा कोरियन उच्चार 'इ'. '२ चा २ रा घात', '२ चा ई वा घात', 'ई चा २ रा घात', 'ई चा ई वा घात' हे चारही सेऊलवाल्याच्या तोंडून सारखेच ऐकू येतात. बुसानवाला चार वेगळे करून म्हणतो.

दुसरी गंमत 'गा'ची. 'गा' म्हणजे 'तो पोरगा', 'गा' हा कर्त्याचा प्रत्यय, 'गा' हे एक आडनाव, आडनावाला जोडायचं 'गा'सुद्धा आहे, आणि 'गा' हा प्रश्नाचा शेवट. त्यामुळे 'गागा गागा?' म्हणजे 'तो पोरगा तोच का?' आणि 'गागा गागागा?' म्हणजे 'तो पोरगा गा आडनावाचा का?'. हे तुम्हाला म्हणता यायची गरज नाही. पण पहिल्या पार्टीत कुणीतरी म्हणून दाखवणारच, तेव्हा हसता आलं पाहिजे.

उच्चारात तीन गोष्टी लक्षात ठेवा. जुन्या पिढीतले बरेच जण जोरकस 'स्स' म्हणत नाहीत, त्यामुळे 'स्साल' (तांदूळ) आणि 'साल' (मांस) एक होतात. 'ऑ' आणि ओठ न गोलावता काढलेला 'उ' एकमेकांत मिसळतात. जोडस्वर सरळ होतात: अर्थव्यवस्था म्हणजे 'ग्यॉन्गजे', ती 'गेंगजे' होते. १९९३ ते १९९८ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेले किम यॉंग-साम गॉजे बेटावरचे. त्यांच्या 'गेंगजे'च्या नकला करून विनोदवीरांनी बरीच वर्षं काढली. शिवाय शब्द आखडतात. 'कोदुंग हाक्क्यो सुहाक सॉन्सेंगनिम' म्हणजे हायस्कूलचे गणिताचे सर, ते होतात 'कोदाक्क्यो स्सुक्स्सेम'.

कारखान्यात रोज कानावर पडणारे शब्द फार नाहीत. 'दान्दी' म्हणजे नीट, चोख: 'दान्दी हेरा' म्हणजे 'नीट कर'. 'फॉत्तुक' म्हणजे पटकन. 'मान्दाक्को' म्हणजे कशाला, काय गरज. 'मॉराखानो' म्हणजे 'काय म्हणतोयस?', आणि यातला 'खा' हा 'असं म्हणतो' याचा ग्यॉन्गसांगी ठसा. 'फाइदा' तुम्हाला आता आयुष्यभर विसरता येणार नाही.

'मान्ना?' या शब्दावर मात्र थांबायलाच हवं. शब्दशः अर्थ 'बरोबर आहे का?'. मी काहीही सांगितलं की साहेब म्हणायचे 'मान्ना?' आणि मी बिचारी पुन्हा पुरावे द्यायला लागायचे: तारीख, आकडे, कुणी सांगितलं. महिन्याभरानं एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं हळूच समजावलं की तो प्रश्नच नाही. आपण फोनवर 'हो का? अच्छा' म्हणतो तेवढंच ते.

पायरी ५: बाकीचा दक्षिण भाग

जॉल्लाचा एकच शब्द शिकायचा असेल तर 'कॉशिगी'. नाव आठवत नाही, किंवा आठवतंय पण घ्यायचं नाही, अशा प्रत्येक वस्तूला, माणसाला, क्रियेला कॉशिगी. आपलं 'ते हे', 'अमकं'. दोन जॉल्लावाले निव्वळ कॉशिगीवर अख्खं संभाषण करतात आणि दोघांनाही कळतं. प्रमाण शब्दकोशात हा शब्द प्रमाण म्हणूनच नोंदलेला आहे, तरी लोक त्याला जॉल्लाचाच मानतात. या प्रांताचं जेवण देशभर नावाजलेलं. पदार्थाला मुरलेली खोल चव असेल तर तिथं 'गेमी' आहे म्हणतात. जेवणाच्या टेबलावर हा शब्द वापरलात तर वाढपी मावशी आणखी एक वाटी आणून ठेवतील. पण या बोलीची नक्कल टाळा. मालिका-सिनेमांनी वर्षानुवर्षं गुंड आणि मोलकरणींच्या तोंडी हीच भाषा घातली, आणि ते तिथल्या लोकांना बोचतं.

छुंगछॉन्ग म्हणजे संथपणा आणि आडवळण. एक जुना विनोद आहे. गिऱ्हाईक भाव फार पाडायला लागलं की छुंगछॉन्गचा शेतकरी चिडत नाही, नाही म्हणत नाही. तो म्हणतो, "राहू द्या, घरी नेऊन बैलाला घालतो." त्यामुळे तिथल्या माणसाचं 'क्वेन्छानायू' हे होकार आहे की नकार, हे शब्दावरून ठरवू नका. चेहरा बघा, आणि तरी कळलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

कांगवॉन प्रांत डोंगरानं दुभंगलेला आहे. पश्चिम बाजू सेऊलच्या जवळची, आणि पूर्वेला गांगनुंगकडे पुन्हा सूर ऐकू येतो. नवख्यानं इथं अडकू नये.

स्वयंपाकघरातून नकाशा पाठ करायचा असेल तर कोरियन भाजीवाल्याकडची लसणाच्या वासाची चपटी पात घ्या. प्रमाण शब्द 'बुछू'. ग्यॉन्गसांगमध्ये ती 'जॉन्गुजी', जॉल्लात 'सोल', छुंगछॉन्गमध्ये 'जोल' आणि जेजूत 'सेउरी'.

पायरी ६: जेजूला गेलात तर

जेजूची बोली सेऊलच्या माणसालाही कळत नाही. टीव्हीवर जेजूच्या आजी बोलल्या की खाली प्रमाण कोरियनमध्ये अक्षरं येतात. युनेस्कोनं २०१० मध्ये तिला नष्ट होण्याच्या अगदी काठावर असलेल्या भाषांत टाकलं, आणि अनेक अभ्यासक तिला बोली न म्हणता वेगळी भाषाच मानतात. हांगुलमधला बिंदूसारखा लिहायचा एक जुना स्वर मुख्य भूमीवर गेला, जेजूच्या वृद्धांच्या तोंडी तो अजून आहे.

पर्यटकाला तीन गोष्टी पुरतात. 'होन्जॉ ऑप्सॉये' म्हणजे 'या, लवकर या', स्वागताच्या पाट्यांवर दिसेल. शेजारच्या कुणाही वडीलधाऱ्याला, पुरुष असो की बाई, 'साम्छून' म्हणतात, जरी प्रमाण भाषेत तो फक्त काका. आणि बाजारात जपून: प्रमाण भाषेत 'कामजा' म्हणजे बटाटा, 'कोगुमा' म्हणजे रताळं. जेजूत 'कामजॉ' म्हणजे रताळं, बटाटा 'जिसुल'.

पायरी ७: लिहिण्यातला फरक, म्हणजे उत्तर आणि दक्षिण

साथुरीला वेगळं शुद्धलेखन नाही. मोबाइलवर लोक जसं ऐकू येतं तसं हांगुलमध्ये लिहितात. नियमांतला खरा फरक दोन देशांमधला. दोघांचं मूळ १९३३ चं एकच शुद्धलेखन, पण पुढे दोघांनी आपापल्या वाटा धरल्या. उत्तरेनं १९६६ पासून प्योंगयांगच्या बोलीवर आधारलेली 'मुन्ह्वाऑ' हे आपलं प्रमाण ठरवलं. भाषेचं नावही वेगळं: दक्षिणेत 'हांगुगॉ', उत्तरेत 'चोसॉनमाल'.

उत्तरेचा मजकूर ओळखायची सोपी खूण शब्दाच्या पहिल्या अक्षरात. चिनी मुळाच्या शब्दांच्या सुरुवातीचे 'र' आणि 'न' दक्षिणेनं बदलले किंवा गाळले, उत्तरेनं ठेवले. दक्षिणेत श्रम म्हणजे 'नोदोंग', उत्तरेत 'रोदोंग', म्हणून तिथल्या पक्षाच्या वर्तमानपत्राचं नाव 'रोदोंग शिनमुन'. स्त्री दक्षिणेत 'यॉजा', उत्तरेत 'न्यॉजा'. एकच आडनाव इकडे 'ई', तिकडे 'री'. उत्तरेत शब्द जास्त जोडून लिहितात, आणि दोन शब्दांच्या सांध्यात दक्षिण घालते तो 'स' उत्तर बहुतेक घालत नाही. अक्षरांची नावंसुद्धा बदलतात. दक्षिणेची 'गियॉक', 'दिगुत', 'शिओत' ही तीन नावं बाकीच्यांच्या साच्यात बसत नाहीत, कारण ती १५२७ च्या एका पुस्तकातून जशीच्या तशी आली आहेत. उत्तरेनं ती 'गिउक', 'दिउत', 'शिउत' अशी सरळ केली. मला इथं उत्तरेची बाजू पटते, पाठ करायला सोपी. उत्तरेचा कोश उघडलात तर स्वरानं सुरू होणारे शब्द अगदी शेवटी शोधा, नाहीतर पानं उलटत बसाल.

शब्दांत दक्षिणेनं इंग्रजी घेतलं, उत्तरेनं थोडं रशियन घेतलं आणि थोडं घरचं घडवलं. ट्रॅक्टर तिकडे 'त्तुराक्तोरु', डबा 'दोशिराक'ऐवजी 'क्वाक्पाप'. 'ओजिंगॉ' आणि 'नाक्जी' या समुद्री प्राण्यांच्या नावांचाही घोळ आहे: दक्षिणेतलं ओजिंगॉ म्हणजे स्क्विड, त्याला उत्तरेत नाक्जी म्हणतात. सगळ्यात जास्त गैरसमज 'इरॉप्ता'नं होतात. उत्तरेत तो 'काही हरकत नाही'. दक्षिणेच्या कानाला 'नकोय मला, जा'. 'दोंगमू' हा मित्रासाठीचा गोड जुना शब्द. उत्तरेनं तो कॉम्रेडसाठी घेतला आणि दक्षिणेत तो तोंडातून गेला.

हा विषय नुसता शब्दकोशाचा नाही. २००५ पासून दोन्हीकडचे अभ्यासक मिळून एक समाईक कोश करत होते. २०२३ च्या जानेवारीत उत्तरेनं दक्षिणेच्या ढंगानं बोलण्यालाच शिक्षा देणारा कायदा केला.

पायरी ८: शोधायचं कुठं, बोलायचं कधी

अनोळखी शब्द आला की आधी 'फ्योजुन कुगॉ देसाजॉन' हा १९९९ चा प्रमाण कोश बघा. तिथं नसेल तर 'उरिमालसेम' हा २०१६ पासूनचा खुला कोश. त्यात अर्थाच्या आधी 'पांगॉन' असा शिक्का असतो आणि पुढे प्रांताचं नाव, उत्तरेचा शब्द असेल तर तसंही लिहिलेलं असतं. दोन्ही फुकट आहेत.

बोलताना एक धोका मुद्दाम सांगते. 'ना' आणि 'नो' हे बरोबरीच्या किंवा लहान माणसासाठीचे शेवट आहेत, साहेबांना कधीच नाही. आणि चॅटवर 'नो' तर अजिबात टाकू नका. दिवंगत राष्ट्राध्यक्ष नो मु-ह्यॉन यांच्या आडनावाची टिंगल म्हणून काही द्वेषखोर मंडळी कुठल्याही वाक्याला 'नो' चिकटवतात. परक्यानं तो चुकीच्या जागी वापरला की वाचणाऱ्याला वाटतं, हा त्यांच्यातला. वरिष्ठांशी थोडी जवळीक दाखवायचीच असेल तर आदराचं ग्यॉन्गसांगी रूप वापरा: 'कोमाप्सुम्निदा'चं 'कोमाप्सुम्निदॉ'. तेही त्यांनी आधी तुमच्याशी साथुरीत बोलायला सुरुवात केली असेल तरच.

शेवटी दोन शब्द, जे ऐकून रडू येऊ शकतं. जेजूत कामानंतर कुणी 'सोगात्सुदा' म्हटलं तर प्रमाण भाषेच्या कानाला 'तुम्ही फसलात' असं ऐकू येतं. ग्यॉन्गसांगमध्ये कुणी 'योक्प्वात्ता' म्हटलं तर 'तुझी नाचक्की झाली'. दोन्हींचा खरा अर्थ एकच: 'फार कष्ट घेतलेत'. मला दुसरा शब्द पहिल्यांदा ऐकू आला तो रात्री साडेनऊला, दिवसभराच्या ऑडिटनंतर, फाइदावाल्या त्याच साहेबांकडून. तेव्हा मला उत्तर माहीत होतं. मी वाकून म्हटलं, "आइम्निदॉ." छे हो, तसं काही नाही.